पलीकडचा भाव

दुकानाच्या खिडकीतून पलीकडचं गाव दिसतं.
मधे टोर्निओ नदी, नदीवर पूल,
पुलावर ना फाटक ना शिपाई.
स्वीडनच्या बाजूला उतरलं
की घड्याळ तेवढं एक तास मागं घ्यायचं.

वेइक्को दर ऑगस्टात येतो,
एल्कच्या शिकारीला महिना उरला की.
रायफल खांद्याला लावतो,
भिंतीवरच्या शिंगांवर नेम धरतो,
मग चिठ्ठी उलटी करून बघतो.
"हीच. हेच अक्रोडाचं लाकूड, हीच नळी.
पलीकडे दोनशे साठ युरोनं स्वस्त.
आणि बनते कुठं? आपल्याकडे!
गाय आपल्या गोठ्यात
आणि दूध स्वस्त शेजाऱ्याच्या दारात?"

चिठ्ठ्या मीच लिहिते, बापाच्या माघारी.
काय काय सांगू त्याला?
त्यांचा क्रोन घसरलाय, हे तर तोही जाणतो.
पण पलीकडच्या दुकानदारानं
वसंतातच चाळीस नग उचलले, जुन्या दरानं.
मी सात उचलले, तेही उधारीवर.
त्याचा घाऊकवाला ट्रक पाठवतो,
माझा खोकं पाठवतो आणि आठवण पाठवतो हप्त्याची.
या चिठ्ठीत लोखंड असं कितीसं असतं, वेइक्को?
तिजोरी असते, विमा असतो,
मांजर गेलं तरी बोंबलणारा दाराचा गजर असतो,
आणि यूसोचा पगार,
जो जानेवारीत दिवसभर बसून
बर्फातल्या मासेमारीचे तीन गळ विकतो.

"मग कमी कर."
"मग पलीकडून घे."
"त्याला आधी पोलिसांची संमती लागते,
फी लागते, चार आठवडे लागतात.
एल्क काय थांबतो?"
"तेच तर. तुझे ते चार आठवडे
मी विकते. दोनशे साठला."

तो हसतो. कॉफी पितो.
काडतुसांचं एक खोकं घेऊन जातो.
अठरा वर्षं.

या ऑगस्टात आला नाही.
आला नोव्हेंबरात, टोपीवर बर्फ,
बगलेत कापडी म्यान.
पलीकडे त्याचा थोरला भाऊ गेला, आर्विद.
सासुरवाडीला राहायला गेला तो तिकडचाच झाला;
बोली तीच, पासपोर्ट दुसरा.

मागं एक रायफल ठेवून गेला.
दस्त्याला तडा, तड्यावर तांब्याची तार.
दोघांनी मिळून पहिला एल्क पाडला
त्या वर्षीची तार.

वेइक्कोनं कागद पसरले:
तिकडच्या पोलिसांचा, इकडच्या पोलिसांचा,
वारसाचा, वारसाच्या भाषांतराचा,
भाषांतर खरं असल्याचा.
मी बेरीज केली. सवय.
तीनशे बारा युरो.
"आणि विकली तर?"
नळीत डोकावले. गंज.
आतली पिळाची खोबण
जुन्या नाण्यावरच्या राजासारखी पुसलेली.
"इकडे चाळीस."
"आणि पलीकडे?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा
पलीकडचा भाव मला विचारला जात होता,
आणि मला तो ठाऊक नव्हता.

कागद गोळा करता करता तो म्हणाला,
"दवाखान्यातून फोन आला तेव्हा
माझ्याकडे साडेबारा वाजले होते.
त्यांनी लिहिलंय साडेअकरा."
मी काही बोलले नाही.
नदी अजून पुरती गोठली नव्हती,
मधोमध एक काळी पट्टी वाहत होती.

"दस्त्याचा एक स्क्रू दे," तो म्हणाला शेवटी.
खणातून शोधून दिला. "ऐंशी सेंट."
त्यानं तो उजेडात धरला, चिमटीत फिरवला.
"पलीकडे सत्तरला मिळतो,"
म्हणाला,
आणि ऐंशी मोजून ठेवले.